पाईपातली नांगी

यवतमाळ
१६ ऑक्टोबर २००५

सदाशिवरावभाऊजींना कुंदाचा नमस्कार.

माझं अक्षर पाहून दचकू नका. हे आहेत. तुम्हाला पत्रं लिहायचं काम या घरात त्यांचं, पण श्रावणात लकव्याने उजवा हात गेला तो अजून आलेला नाही, म्हणून मी लिहिते आहे. फोन केला असता, पण फोन त्यांच्या खाटेशेजारीच आहे आणि त्यांना सगळं कळतं. फक्त बोलता येत नाही. बोलायला गेलं की एकच 'हं' निघतो. हवं असलं तरी तोच, नको असलं तरी तोच.

काम तसं क्षुल्लक आहे. त्यांच्या पाईपच्या आत, तोंडात धरायची काळी नळी जिथे लाकडाच्या दांडीत बसते तिथे, बोटाच्या दोन पेरांएवढी एक धातूची काडी होती. तिला काय म्हणतात आणि ती कुठे मिळेल? तुम्ही दोघं नेरच्या कापूस केंद्रावर कापसाची प्रत ठरवणारे ग्रेडर होतात तेव्हापासून या काडीवरून भांडत आलात, म्हणून तुम्हालाच विचारते.

तंबाखू तर डॉक्टरांनी बंद केली. पण रिकामा पाईप ओढायला हरकत नाही म्हणाले, ओठांना आणि गालांना तेवढाच व्यायाम. त्यामुळे हे सकाळ-संध्याकाळ डाव्या हातात पाईप धरून वीस-पंचवीस वेळा ओढायचे आणि मग जेवायला तोंड उघडायचे. असा क्रम छान बसला होता.

मंगळवारी खंडेनवमी झाली. दरवर्षी हे स्वतः पाटावर धाग्याची लांबी मोजायची पट्टी, भिंग आणि पाईप मांडून पूजा करायचे. मी हसायची, तर म्हणायचे, "ज्यांच्यावर पोट भरलं ती हत्यारं, आणि ज्याच्यावर डोकं चाललं तो पाईप." यंदा म्हटलं आपण करू. पूजेची भांडी घासते तसा पाईपही चिंच आणि राख लावून घासला. आत ती काडी काळीकुट्ट दिसली. घासता घासता ती तुटली. मी ती कचऱ्यात टाकली आणि कचरा गाडीत गेला.

तेव्हापासून हे पाईप हातात घेतात, एकदा ओढतात, खाली ठेवतात आणि रडतात. पाच दिवस झाले. पेज तोंडात घातली तर ओघळून बाहेर येते. गिळता येत नाही असं नाही, भाऊजी. गिळायचं नाही. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल. नळीला ते फार भितात. तेव्हा काडी कुठे मिळेल ते लवकर कळवा.

कुंदा


नागपूर
२२ ऑक्टोबर २००५

कुंदावहिनींना सदाशिवचा साष्टांग दंडवत.

ज्या वस्तूची मी बावीस वर्षं टर उडवली तिची चौकशी तुम्ही माझ्याकडेच करावी, हा चंदूने शेवटी माझ्यावर काढलेला सूड आहे. त्या काडीला इंग्रजीत स्टिंगर म्हणतात. आम्ही नांगी म्हणायचो. त्र्याऐंशी साली आम्ही इथल्या एकाच दुकानातून एकाच कंपनीचे दोन पाईप घेतले. दोन्हींत नांगी होती. मी माझी दुकानाच्या पायरीवरच पक्कडीने उपटून गटारात टाकली. चंदूने मात्र ती जपली.

कंपनीचं म्हणणं असं, की धूर या थंड धातूवर आपटतो, त्यातलं पाणी तिथेच जमतं आणि जिभेला कोरडा धूर मिळतो. सगळं थोतांड! नांगीने वाट अरुंद होते, मग माणूस जोरात ओढतो, मग तंबाखू जास्त तापते आणि जीभ अधिकच भाजते. साफ करायची तार आत जात नाही ते वेगळंच. जगातले निम्मे पाईपवाले ती पहिल्याच दिवशी काढून टाकतात. म्हणजे तुमच्या हातून काहीही बिघडलेलं नाही. झाला तर फायदाच झाला. तुम्ही उगाच जिवाला लावून घेऊ नका.

सोबतची चिठ्ठी त्याला मोठ्याने वाचून दाखवा. हसेल गडी, आणि हसला की खाईल. दिवाळी झाली की मी येतोच.

(चिठ्ठी) चंदू, बावीस वर्षांच्या खटल्याचा निकाल खुद्द तुझ्या बायकोने लावला. हरलास! आता गुमान पेज पी.

सदाशिव


यवतमाळ
२९ ऑक्टोबर २००५

भाऊजी,

मी काडी मागितली होती, निकाल नव्हता मागितला.

चिठ्ठी वाचून दाखवली. त्यांनी डाव्या हाताने पाईप उचलला आणि भिंतीवर मारला. पाईपच्या वाटीचा टवका उडाला. नंतर तासभर 'हं हं' करत माझ्यावरच डोळे वटारत होते. मला तुमचा इतका राग आला की हे पत्र मी दोन वेळा फाडलं. माणूस अन्न सोडून नुसत्या सलाईनवर आणि दोन-चार चमचे दुधावर आहे आणि तुम्हाला थट्टा सुचते?

असो. मी स्वतःच हातपाय हलवले. लोहाऱ्याला एमआयडीसीत उत्तमसिंग म्हणून लेथवाले आहेत, जिनिंगचे रोलर कातून देतात. यंदा अर्ध्या जिनिंग उघडल्याच नाहीत, त्यामुळे त्यांचं मशीन झाकून ठेवलेलं. त्यांनी पाईप उलटसुलट करून पाहिला.

"नमुना आना काकू. नमुन्याबिगर मी कायचं कातू?"

"नमुना कचऱ्यात गेला हो."

"मंग चित्र आना. लांबी किती, जाडी किती, भोक कुठं. पन साहेबासाठी करतो मी. बाप माहा नेरले कापूस घेऊन गेलता, तं साहेबानं सरकी दाताखाली फोडून पाह्यली अन् म्हने ओल हाय. बाप लय बोलला त्यायले. तरी साहेबानं मांग लागून आवारातच कापूस वाळवाले जागा देल्ली. दुसऱ्या दिवशी घेतला."

ही गोष्ट यांनी मला कधीच सांगितली नव्हती. मी तिथेच स्टुलावर बसून रडले.

तेव्हा आता चित्र पाठवा. उपयोग आहे की नाही ते मला ऐकायचं नाही. मिताली पुण्याहून आली आहे, ती म्हणते आई, तू एका काडीच्या मागे लागून वेडी होशील. होईन. दुसरं काय करू, ते मला कोणी सांगत नाही.

कुंदा


नागपूर
६ नोव्हेंबर २००५

वहिनी,

चुकलो. चिठ्ठी पाठवायला नको होती. मला वाटलं, तो नेहमीसारखा शिव्या देईल. त्याला शिव्याही देता येत नाहीत हे माझ्या डोक्यातच शिरलं नव्हतं.

तीन चित्रं पाठवतो आहे. पहिलं आठवणीतून काढलं, दुसरं ते चूक वाटलं म्हणून, तिसरं बर्डीवरच्या एका म्हाताऱ्या दुकानदाराला विचारून. तो हसला. म्हणाला, "साहब, ये चीज लोग फेंकने आते हैं, ढूँढने नहीं." तिसरं खरं धरा. लांबी पावणेदोन इंच. मागचा भाग गोल आणि पोकळ, नळीत घट्ट बसेल असा. पुढे भाल्याच्या टोकासारखी चपटी होत जाते, आणि चपटी होते तिथे अंगाला एक बारीक भोक.

चित्र काढताना कळलं, की ज्या वस्तूला मी नावं ठेवली ती मला माझ्या नाकाडोळ्यांपेक्षा नीट पाठ आहे. चंदू दिवसातून दहा वेळा ती माझ्या नाकासमोर धरायचा. पाईप विझला की नळी उपसायची, नांगी झटकायची, जमिनीवर काळ्या पाण्याचे दोन थेंब पडायचे, आणि म्हणायचा, "ही बघ निघाली. ओल कुठेतरी जमणारच, सदाशिव. कुठे जमते ते मला दिसलं पाहिजे." कापूस हाती घ्यायचा तीच तऱ्हा. गाडीच्या वरचा कापूस बघायचाच नाही, थेट कोपरापर्यंत हात आत.

माझा गुडघा फार धरला आहे, एसटीत बसवत नाही. जरा उतार पडला की निघतो.

सदाशिव


यवतमाळ
१९ नोव्हेंबर २००५

भाऊजी,

चित्र पोचलं. उत्तमसिंगांनी पाच नांग्या केल्या. पहिली पितळेची, ती जाड झाली. दुसरी नळीत सैल. तिसरीचं भोक बुजलं. चौथी बरी होती. पाचवी ॲल्युमिनियमची, तुमच्या चित्राबरहुकूम. ती ते स्वतः घेऊन घरी आले आणि चपला काढून खाटेशी उभे राहिले.

पहिल्या चार वेळा यांनी एकदा ओढून मान हलवली होती. पाचवीला मात्र ओढत राहिले. पाच वेळा, सहा वेळा. मी उत्तमसिंगांकडे पाहिलं, ते माझ्याकडे. मला वाटलं, जमलं! मग यांनी पाईप खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि डाव्या हाताने माझ्या मनगटावर दोनदा थोपटलं.

चाळीस वर्षांचा संसार आहे, भाऊजी. भाजी खारट झाली की हे असंच थोपटून म्हणायचे, छान झाली आहे. ते माझं मन राखत होते. उत्तमसिंगांना कळलं नाही, ते खुशीत गेले. मी त्यांना सांगितलंही नाही.

संध्याकाळी पेज नाहीच घेतली. सोमवारी नळी घातली. दोघांनी हात धरले आणि मी पाय धरले. मीच धरले. त्या वेळचे त्यांचे डोळे मला विसरता येत नाहीत.

आता एकच मागते. तुम्ही या. या आणि त्यांना एकदा सांगा, की चंदू, तुझं बरोबर होतं, नांगी कामाची आहे. खोटं वाटलं तरी सांगा. बावीस वर्षं त्यांना तुमच्याकडून एवढंच ऐकायचं होतं. ते ऐकून तरी त्यांच्या जिवाला बरं वाटेल. मला दुसरं काहीच सुचत नाही.

कुंदा


नागपूर
२४ नोव्हेंबर २००५

वहिनी,

गुडघा ठीक आहे. तो कधी दुखतच नव्हता.

तुमचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी, ऑगस्टमध्ये, मी यवतमाळला आलो होतो. दवाखान्याच्या खोलीच्या दारापर्यंत आलो. तुमची पाठ होती, तुम्ही त्याची लाळ पुसत होता. ज्याच्या एका 'रिजेक्ट'ने व्यापाऱ्यांची तोंडं उतरायची, तो चंदू. मी तसाच मागे फिरलो आणि स्टँडवर येऊन मिळेल ती गाडी पकडली. त्यानंतर तुम्हाला थट्टेची पत्रं लिहीत बसलो. माझ्यासारखा भित्रा माणूस तुम्ही पाहिला नसेल.

गुरुवारी, एक तारखेला, सकाळच्या गाडीने येतो. तुम्ही म्हणता तसं सांगेन. हरलो म्हणून सांगेन. पाया पडायला सांगाल तर पाया पडेन.

सदाशिव


यवतमाळ
८ डिसेंबर २००५

भाऊजी,

तुम्ही आलात याचा आनंद झाला हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचून तुम्हाला वाईट वाटेल.

तुम्हाला पाहून ते हसले होते. अर्धंच तोंड हसलं, पण हसले. डाव्या हाताने उशीखालचा पाईप चाचपून काढला आणि तुमच्यासमोर नळी उपसून ती पाचवी नांगी दाखवली. मी दारात उभी होते. तेव्हा तुम्ही त्यांचा हात हातात घेऊन म्हणालात, "चंदू, तूच बरोबर होतास. मी उगाच भांडलो. हरलो मी." मलाही बरं वाटलं, म्हटलं, झालं एकदाचं.

तुम्ही रुमालाने डोळे पुसत होतात. मी त्यांच्याकडे बघत होते. हसू गेलं. तुमच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग पाईप पांघरुणावर टाकून दिला आणि तोंड भिंतीकडे केलं. तुम्हाला वाटलं झोप लागली. तुम्ही पायावर पांघरूण घालून निघालात.

आज आठवा दिवस. पाईप मागत नाहीत. हातात दिला तर बोटं मिटत नाहीत. दोन महिने रडत का होईना, पण पाईप मागत होते.

मी फार विचार केला. तुम्ही हरलो म्हणालात तेव्हा त्यांना कळलं, की आता आपल्याशी कोणी भांडणार नाही. आजवर तुम्ही त्यांना कधी एवढ्या तेवढ्यावर सोडलं नाहीत, आणि आता न भांडताच सोडून दिलंत. माणसाला असं कधी सोडतात ते त्यांना चांगलं कळतं. तुमच्या त्या पहिल्या चिठ्ठीवर ते चिडले म्हणून मी तुम्हाला बोलले. पण श्रावणापासून ते तेवढे एकदाच चिडले होते, बाकी सगळे दिवस नुसते रडले आहेत. मला ते तेव्हा समजायला हवं होतं.

हरायला तुम्हाला मीच सांगितलं. पाईपही मीच घासला, पायही मीच धरले. जे करायला जाते ते उलटंच होतं. आता काय करू?

कुंदा


नागपूर
१२ डिसेंबर २००५

वहिनी, खालचं त्याला वाचून दाखवा. लाजू नका, शब्द गाळू नका. जसं आहे तसं.

काहून बे चंद्या? भिंतीकडे तोंड करून पडला म्हने तू?

त्या दिवशी तुले म्हटलं का मी हारलो. खोटं बोललो मी, साफ खोटं! तुह्या नाकातली नळी पाहून मले रडू आलं अन् तोंडातून निंगून गेलं. ते मी वापस घेतो. तुही नांगी बिनकामाची होती, बिनकामाची आहे, अन् त्या लेथवाल्यानं सोन्याची करून देल्ली तरी बिनकामाचीच राहीन.

धूर थंड करते म्हने! अबे, धूर थंड कराले दांडीचं लाकूड आहे ना? तू गरम धुराच्या मधात थंडा धातू ठेवतं, म्हनून तं पानी जमते! नसता ठेवला तं जमलंच नसतं. आधी सोता ओल तयार करतं अन् मंग झटकून मले दाखवतं, पाह्य निंगाली म्हनून! बावीस वर्षं असा येडा बनवून राह्यला मले. नेरच्या केंद्रावर सगळ्यांचा कापूस नापास केला, आता मी तुह्या नांगीले नापास करतो. घे!

उत्तर असन तं दे. 'हं' म्हन. तो हं होकाराचा का नकाराचा, मले समजते. बाकी कोनाले समजो का नको.

अन् एक आयक. मी दवाखान्याच्या दारातून पयून गेलतो. भेलो मी. अजूनबी भेतो. तू गप्प झाला तं मी भांडू कोनाशी? पोरगा माहा मले सगळ्यात हो म्हन्ते. नातू बी हो म्हन्ते. मले नाही म्हनाले तू एकटाच उरला.

उठ लेका. भांड.

सद्या


यवतमाळ
१७ डिसेंबर २००५

भाऊजी,

पत्र जसं होतं तसं वाचलं, 'अबे'सकट. मला तुमच्यासारखं जमत नाही, पण आवाज चढवला.

लाकडाच्या दांडीपर्यंत आले तेव्हा त्यांनी भिंतीकडचं तोंड वळवलं. 'येडा बनवून राह्यला' म्हटल्यावर पूर्वी तुमच्यावर वटारायचे तसे डोळे झाले. मग 'हं' म्हणाले. तीन वेळा, मोठ्याने. होकार होता की नकार, मला कळलं नाही. तुम्ही असता तर तुम्हाला कळलं असतं.

जेवले नाहीत. जेवतील असं आता मला वाटतही नाही. छातीत कफ भरला आहे. डॉक्टर म्हणाले, घरीच ठेवा, किती दिवस ते विचारू नका. तुमच्या पत्राने ते उठून बसणार नाहीत आणि माझ्या पेजेनेही नाहीत, हे मला समजलं आहे.

पण वाचून झाल्यावर त्यांनी डाव्या हाताने कागद माझ्याकडे ढकलला. पुन्हा वाच म्हणून. काल मी ते चार वेळा वाचलं, आज सकाळपासून तीन वेळा. प्रत्येक वेळी थोडे कमी चिडतात. आता त्यांना पाठ झालं आहे.

दुसरं लिहा. कडक लिहा, माफी मागू नका. आणि आजच पेटीत टाका, भाऊजी. टपालाला तीन दिवस लागतात.

कुंदा